रक्तातली साक्ष: चयापचयाच्या खुणा आणि मेंदूचे आरोग्य

माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते तिच्यातला सुमारे २० टक्के वाटा मात्र हा एकटा अवयव घेतो. त्याला रोज १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि जवळ साठा जवळजवळ काहीच नसतो. यकृताकडे आणि स्नायूंकडे ग्लायकोजेनची कोठारे असतात. मेंदूचे पोट हातावर आहे. रक्तातून क्षणोक्षणी जो माल येईल त्यावर त्याने प्रपंच चालवायचा. म्हणूनच रक्तात काय कमी पडले, काय तुंबले आणि काय भलतेच शिरले, याची खबर पुष्कळदा माणसाच्या वागण्यातून आधी मिळते आणि प्रयोगशाळेतून नंतर.

मधुमेहाचे औषध घेणाऱ्या माणसाची रक्तशर्करा १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरली की घाम, थरथर, धडधड सुरू होते. ती ५० च्या आसपास आली की तो चिडतो, असंबद्ध बोलतो, प्यायल्यासारखा वागतो. साखरेचे पाणी पोटात गेले की पंधरा-वीस मिनिटांत तोच माणूस ओशाळून विचारतो, काय झाले होते? इथे आकडा, वागणूक आणि उपाय तिन्ही एका सुतात आहेत. वागणुकीचा इतका सरळ हिशेब फार थोड्या ठिकाणी लागतो. बाकीच्या ठिकाणी तो लावताना विज्ञानाने शंभर वर्षांत जेवढे यश मिळवले, साधारण तेवढ्याच ठेचाही खाल्ल्या.

शरीरात चाललेल्या घडामोडीची मोजता येणारी खूण म्हणजे बायोमार्कर. ही खूण चयापचयाच्या वाटेवरची असेल तर ती तीन प्रकारची असू शकते. ती कच्चा माल असते, जसे ग्लुकोज किंवा अमिनो आम्ले. अर्धवट तयार झालेला माल असते, जसे पायरुव्हेट, लॅक्टेट, होमोसिस्टीन. नाहीतर बाहेर टाकायचा कचरा असते, जसा अमोनिया. यकृत निकामी झालेल्या रुग्णात अमोनिया साचतो, तो रात्री जागा आणि दिवसा पेंगुळलेला राहू लागतो, आणि घरच्यांना वाटते की स्वभाव बदलला. खूण सापडणे ही पहिली पायरी. ती खूण वागणुकीचे कारण आहे, परिणाम आहे की दोघांच्या शेजारून चाललेली वाटसरू आहे, हे ठरवणे ही खरी कामगिरी. त्यासाठी एक कसोटी आहे: खुणेचा आकडा बदलला की माणूस बदलतो का?

या कसोटीला पूर्ण उतरलेले एक जुने उदाहरण नॉर्वेतले आहे. १९३४ मध्ये ऑस्लोतील वैद्य आस्ब्योर्न फोलिंग यांच्याकडे एक आई आपली दोन मुले घेऊन आली. दोन्ही जन्मतः धडधाकट दिसत होती, पुढे बुद्धीची वाढ खुंटली. मुलांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येतो, हे तिचे म्हणणे आधी कोणी मनावर घेतले नव्हते. फोलिंग वैद्य होते तसे रसायनशास्त्रही शिकलेले होते. लघवीत कीटोन आहेत का हे पाहण्यासाठी त्यांनी फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. कीटोन असते तर रंग लालसर-जांभळा व्हायला हवा होता, काही नसते तर तपकिरी राहायला हवा होता. तो झाला हिरवा. औषधांचा हा परिणाम नसेल ना, म्हणून त्यांनी मुलांची सगळी औषधे आठवडाभर थांबवायला सांगितली. रंग पुन्हा हिरवाच आला. मग लिटरच्या लिटर लघवी जमवून त्यातून त्यांनी फेनिलपायरुव्हिक आम्ल वेगळे काढले. नंतर मतिमंदांच्या संस्थांतील ४३० जणांची लघवी तपासली, आणि त्यांत आणखी ८ जण असे सापडले. ‘मतिमंद’ या एका शब्दाखाली तोवर कोंबलेल्या माणसांतून एक स्वतंत्र आजार एका रंगाने वेगळा काढला, आणि त्याला सुरुवात झाली ती आईच्या नाकापासून.

कारण असे होते. प्रथिनांतून येणाऱ्या फेनिलॲलॅनिन या अमिनो आम्लाचे टायरोसीन करणारे विकर या मुलांत जन्मतःच काम करत नव्हते. निरोगी माणसाच्या रक्तात हे आम्ल १०० मिलिलिटरला सुमारे १ मिलिग्रॅम असते. या आजाराच्या तीव्र प्रकारात ते २० च्या वर जाते. मेंदूत शिरण्याच्या एकाच दारावर अनेक अमिनो आम्लांची रांग असते. एकाची झुंबड उडाली की बाकीच्यांना आत जाता येत नाही, आणि वाढत्या मेंदूला लागणारा माल तुटतो.

पुढचे पाऊल १९५३ मध्ये बर्मिंगहॅमला पडले. हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या एका मुलीसाठी फेनिलॲलॅनिन जवळजवळ काढून टाकलेला आहार तयार केला. ती उभी राहू शकत नव्हती, रडत राही, डोके आपटी. नव्या आहारावर काही महिन्यांत ती उभी राहू लागली, डोळे लख्ख झाले, डोके आपटणे थांबले. हा योगायोग तर नाही? बिकेल यांनी तिच्या आहारात पुन्हा फेनिलॲलॅनिन मिसळले, आणि पहिल्या खेपेला आईलाही ते सांगितले नाही. मुलगी झपाट्याने घसरली. ते आम्ल काढल्यावर पुन्हा सावरली. आजच्या नीतिनियमांत असा लपवलेला प्रयोग बसत नाही, आणि बसू नये. पण खूण आणि वागणूक यांतला कार्यकारणभाव इतका नागडा दुसरीकडे क्वचितच दिसला आहे. या मुलीला उशीर झाला होता. गेलेली बुद्धी परत आली नाही. म्हणून जन्मल्याबरोबर ओळखण्याची गरज पुढे आली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब गाळणकागदावर घेऊन जिवाणूंच्या वाढीवरून फेनिलॲलॅनिन मोजण्याची स्वस्त रीत बसवली. त्यांच्या स्वतःच्या मुलाची बौद्धिक वाढ खुंटलेली होती आणि भाचीला हाच आजार होता. आज अनेक देशांत प्रत्येक नवजात बाळाची अशी तपासणी होते. भारतात ती सार्वत्रिक नाही. गोव्याने २००८ मध्ये राज्यपातळीवर नवजात तपासणीचा कार्यक्रम सुरू करून पाहिला होता.

फेनिलॲलॅनिनचा हा आजार असलेली मोठी माणसे आणखी एक गोष्ट शिकवतात. आहार सैल झाला आणि आकडा वाढला की त्यांचे लक्ष लागत नाही, मन उदास होते, चीड येते. आहार पुन्हा आवळला की बरेचसे निवळते. म्हणजे तीच खूण बालपणी बुद्धीचा पाया खचवते आणि मोठेपणी त्या दिवसाचा मूड बिघडवते. कोणत्या वयात मोजले, याला आकड्याइतकेच महत्त्व आहे.

ऑक्सफर्डचे रुडॉल्फ पीटर्स यांचे काम फोलिंग यांच्याच सुमाराचे, आणि त्यांचे रुग्ण होते कबुतरे. बी-१ जीवनसत्त्व नसलेल्या तांदळावर ठेवलेली कबुतरे मान मागे टाकून आचके देत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या मेंदूत काही बिघडलेले दिसत नव्हते. पीटर्स यांना दिसले ते लॅक्टेट आणि पायरुव्हेट यांचे तुंबलेले पाणी: ग्लुकोजचा अर्धा रस्ता झाल्यावर पुढचा दरवाजा बंद. परीक्षानळीत त्याच मेंदूच्या ऊतीवर बी-१ टाकले की तिचे प्राणवायू घेणे पुन्हा सुधारे. रचनेत खोट नाही, रसायनात आहे, अशा अवस्थेला त्यांनी जैवरासायनिक इजा असे नाव दिले. दीर्घकाळ दारू पिणाऱ्या, जेवण सुटलेल्या माणसात हीच इजा गोंधळ, डगमगती चाल आणि डोळ्यांच्या हालचालींतला बिघाड या रूपांत समोर येते. अशा माणसाला बी-१ न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर बंद दरवाजावर आणखी गर्दी होते; म्हणून तातडीच्या विभागात बी-१ द्यायला उशीर करत नाहीत.

वेड्या माणसाच्या मेंदूची भट्टी वेगळी पेटते का, हा प्रश्न अमेरिकेत सेमूर केटी यांनी विचारला. त्यांनी लाफिंग गॅस म्हणून ओळखला जाणारा नायट्रस ऑक्साइड अगदी थोड्या प्रमाणात हुंगायला देऊन, धमनीतले आणि मानेतल्या शिरेतले रक्त तपासून, मेंदूतून मिनिटाला किती रक्त वाहते आणि तो किती प्राणवायू घेतो हे जिवंत, जाग्या माणसात मोजले. प्रौढ माणसात हा प्रवाह मिनिटाला सुमारे ७५० मिलिलिटर भरला. १९४८ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे आकडे आले ते निरोग्यांसारखेच. विवेकी विचाराला जेवढा प्राणवायू लागतो तेवढाच भ्रमालाही लागतो, असा त्याचा अर्थ. केटींचे सहकारी लुई सोकोलोफ यांनी तरुणांना तोंडी गणिते घालून मोजले. १९५५ च्या त्या अहवालातही मेंदूच्या एकूण खर्चात फरक दिसला नाही. गावाचे एकूण वीजबिल पाहून कोणाच्या घरी लग्न आहे ते कळत नाही, तशातला हा प्रकार. घरोघरचे मीटर वाचायची सोय सोकोलोफ यांनीच पुढे केली. पेशीत शिरते पण पुढे जळत नाही, असे ग्लुकोजचे एक बनावट रूप वापरून कोणता भाग किती साखर ओढतो हे दाखवणारी रीत त्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच तत्त्वावरचा किरणोत्सारी पदार्थ १९७६ मध्येच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माणसाला प्रथम टोचला गेला होता. आजच्या पेट स्कॅनचे हे मूळ. अल्झायमरमध्ये कानशिलामागच्या आणि माथ्याच्या भागांत साखरेचा वापर घटलेला दिसतो, तो मेंदू डोळ्यांना आक्रसलेला दिसण्याआधीही.

रक्तातली खूण माणसाला फसवते कशी, याचेही धडे याच काळातले. १९३० च्या दशकात मॅनफ्रेड साकेल यांनी स्किझोफ्रेनियावर इन्सुलिनने रक्तशर्करा पाडून कृत्रिम बेशुद्धी आणण्याचा उपचार रूढ केला. जगभर हजारो रुग्णांना तो दिला गेला, काही दगावलेही. १९५७ मध्ये लंडनमध्ये अर्ध्या रुग्णांना इन्सुलिनने आणि अर्ध्यांना झोपेच्या औषधाने बेशुद्ध करून तुलना केली, तेव्हा दोन्हींत फरक निघाला नाही. साखर पाडल्याने वागणूक बदलते हे खरे होते. ती बरी होते हे खरे नव्हते. १९६२ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या लघवीत कागदावर एक गुलाबी ठिपका उमटतो, असा शोध गाजला: १९ पैकी १५ रुग्णांत तो होता, १४ निरोग्यांपैकी एकातही नव्हता. पुढे तो निरोग्यांतही सापडू लागला, आणि त्याचा धागा आजाराऐवजी आहाराशी आणि औषधांशी जुळला. त्याआधीच, १९५९ मध्ये, केटींनी मनोविकारांच्या रासायनिक सिद्धांतांचा कठोर आढावा घेतला होता. रुग्णांच्या लघवीत जास्त सापडलेली काही आम्ले आजारातून आलेली नसून त्यांनी प्यायलेल्या कॉफीतून आली होती, असे त्यात दाखवून दिले होते. इस्पितळात वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसाचे जेवण, हालचाल, झोप, औषधे सगळेच बाहेरच्यापेक्षा वेगळे असते. तुलना करणाऱ्याने ते विसरले की कॉफीचा सिद्धांत होतो. हा आढावा आजही नव्या संशोधकांना वाचायला द्यावा असा आहे.

दुसरी अडचण मेंदूच्या वेशीची. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची घट्ट भिंत आहे आणि तिच्यात मोजके दरवाजे आहेत. त्यामुळे रक्तात माल भरपूर आणि मेंदूत दुष्काळ असे होऊ शकते. १९९१ मध्ये डॅरिल डी व्हिवो आणि सहकाऱ्यांनी झटके येणाऱ्या दोन तान्ह्या मुलांचे वर्णन केले. त्यांची रक्तशर्करा ठीक होती, पण पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात साखर फार कमी होती. एरवी या पाण्यात रक्ताच्या सुमारे ६० टक्के साखर असते. ग्लुकोजला मेंदूत नेणारा वाहकच त्यांच्यात अपुरा होता. यावर इलाज असा की मेंदूला दुसरे इंधन द्यायचे. जॉर्ज काहिल यांच्या गटाने १९६७ मध्ये पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या स्थूल रुग्णांत दाखवले होते की अशा वेळी मेंदू चरबीपासून बनलेल्या कीटोनवर बहुतांश भागवतो. कीटोन वेगळ्या दाराने आत जातात. त्यामुळे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टाचा आहार या मुलांना उपयोगी पडतो; अपस्मारावर तो १९२१ पासून वापरात होताच. एकादशीच्या उपवासाने मात्र हे साधत नाही. साबुदाण्याची खिचडी म्हणजे मुख्यतः पिष्ट, आणि तिने कीटोनची वाट पहिल्या घासालाच अडते.

२०१७ मध्ये पिट्सबर्गमधील लिसा पॅन आणि सहकाऱ्यांनी औषधांना न जुमानणारे नैराश्य आणि आत्महत्येचे विचार असलेल्या ३३ तरुणांच्या पाठीतील पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २१ जणांत चयापचयाचा काही ना काही दोष निघाला. १२ जणांत रक्तातले फोलेट ठीक असूनही मेंदूकडचे फोलेट कमी होते. तुलनेच्या १६ जणांत असा दोष सापडला नाही. दोष हेरून उपचार केल्यावर काहींचे नैराश्य उतरले. संख्या लहान आहे, निवडलेले रुग्ण अतिशय बिकट होते, आणि नैराश्याच्या प्रत्येक रुग्णाच्या पाठीत सुई घालावी असे यातून निघत नाही. ‘नैराश्य’ हाही ‘मतिमंद’सारखा अनेक आजारांना पोटात घेणारा शब्द असावा, एवढे मात्र निघते.

म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशाशी रक्तशर्करेचे नाते आता पुष्कळ अभ्यासांत दिसले आहे. हॉलंडमधील रॉटरडॅम शहरातल्या ज्येष्ठांच्या पाहणीत, १९९९ च्या अहवालानुसार, मधुमेह असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट होता. २०१३ मध्ये सिएटलच्या २०६७ जणांच्या अभ्यासाने आणखी सूक्ष्म गोष्ट दाखवली: मधुमेह नसलेल्यांतही सरासरी साखर ११५ असलेल्यांचा धोका १०० असलेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त होता. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. साखर उतरवल्याने स्मृती वाचते हे अशा आकड्यांतून सिद्ध होत नाही. ‘अल्झायमर म्हणजे मेंदूचा मधुमेह’ हे वाक्य व्याख्यानांतून फार लवकर पसरले. ते अजून रूपकच आहे.

महाराष्ट्राशी ज्या खुणेचा सर्वांत जवळचा संबंध आहे, ती होमोसिस्टीन. तिची गोष्ट परळपासून सुरू होते. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज वैद्य मुंबईला आली आणि हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरण्यांतल्या गरोदर बायकांना एक भयंकर रक्तक्षय होत असे, त्यात तांबड्या पेशी फुगून मोठ्या होत. विल्स यांनी त्यांचे खाणेपिणे, राहणे तपासले, उंदीर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी स्वस्त यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रज घरांतल्या मार्माइटने, हा रक्तक्षय बरा होतो असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक पुढे पालकाच्या पानांतून १९४१ मध्ये वेगळा काढला गेला: फोलिक आम्ल. दुसरीकडे अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये यकृत खाऊ घालून अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या रक्तक्षयावर मात केली होती. त्यातला घटक, बी-१२, १९४८ मध्ये हाती आला. दोन्ही रक्तक्षय सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात, आणि इथेच घोटाळा झाला. १९४० च्या दशकात बी-१२ च्या अभावावर फोलिक आम्ल देऊन पाहिले. रक्त सुधारले, पण मज्जारज्जू आणि नसा बिघडत गेल्या. रक्ताचा आकडा चांगला आणि माणूस वाईट.

असे का, हे पेशीच्या आत पाहिल्यावर कळते. मेथिओनीन हे अमिनो आम्ल मिथिल गट देऊन टाकते तेव्हा होमोसिस्टीन उरते. त्याचे पुन्हा मेथिओनीन करायला बी-१२ आणि फोलेट दोन्ही लागतात. चेतातंतूंवरचे मायलिनचे वेष्टण, मेंदूतले संदेशवाहक पदार्थ, डीएनएवरच्या खुणा या सगळ्यांना लागणारे मिथिल गट याच रहाटातून येतात. रहाट अडला की होमोसिस्टीन साचते. बी-१२ चे आणखी एक काम आहे, त्यात फोलेटचा हात नाही; ते अडले की मिथिलमॅलोनिक आम्ल वाढते. म्हणून हे दुसरे आम्ल बी-१२ च्या अभावाची जास्त नेमकी खूण मानतात. एक विचित्र दुवा असा की केटींनी मेंदू मोजायला वापरलेला नायट्रस ऑक्साइड बी-१२ ला निकामी करतो. आधीच कमी बी-१२ असलेल्या माणसाला या वायूची लांबलेली भूल दिल्यावर पायांतली शक्ती गेल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

रक्तक्षय नसताना मेंदू बिघडू शकतो, हे १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी ठामपणे मांडले. बी-१२ च्या अभावाने चेतासंस्थेचा त्रास झालेल्या त्यांच्या १४१ रुग्णांपैकी ४० जणांत ना रक्त कमी होते ना पेशी मोठ्या झाल्या होत्या. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विसर, संशयीपणा, स्वभावात बदल: ही लक्षणे घेऊन आलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन ठीक निघाले म्हणून त्याला परत पाठवणे चूक आहे, हा त्या कामाचा सरळ अर्थ.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेडी, झोपडवस्ती आणि शहरी मध्यमवर्ग यांतल्या ४४१ निरोगी पुरुषांचे रक्त तपासले. २००६ च्या त्या अहवालात ६७ टक्के जणांचे बी-१२ कमी होते आणि ५८ टक्के जणांचे होमोसिस्टीन जास्त. सर्वांत वाईट स्थिती शहरी मध्यमवर्गाची: त्यांतल्या ८१ टक्के जणांचे बी-१२ कमी. फोलेटचा तुटवडा मात्र फार थोड्यांत होता. यात नवल नाही. मेथी, पालक, डाळी यांतून फोलेट मिळते. बी-१२ फक्त जिवाणू बनवतात आणि ते माणसाकडे दूध, अंडी, मासे, मांस यांतून येते. वरण-भात-भाजी-पोळीत ते नाही, आणि दिवसाचे दूध म्हणजे चहातले दोन चमचे असेल तर तेही नाही. उतारवयात जठर सुकत जाते, मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी शोषण कमी करते, ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्या त्यात भर घालतात.

पण ६७ टक्के लोक आजारी आहेत काय? नाहीत. इथे खुणेच्या मर्यादा मोजून सांगायला हव्यात. कमी बी-१२ असलेली पुष्कळ माणसे व्यवस्थित चालतात-बोलतात. होमोसिस्टीन फोलेटच्या अभावात वाढते, मूत्रपिंडे थकली की वाढते, थायरॉइड मंद असले की वाढते. आणि ते नुसत्या आळसानेही वाढते, प्रयोगशाळेच्या: रक्त काढल्यावर ते थंड ठेवून लवकर वेगळे केले नाही तर नळीतल्या तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात आणि आकडा तासागणिक फुगतो. दुपारच्या उन्हात दुचाकीच्या डिकीतून फिरून आलेल्या नमुन्याचा रिपोर्ट रुग्णाविषयी कमी आणि डिकीविषयी जास्त सांगतो.

होमोसिस्टीन आणि स्मृती यांचा संबंध सुधा शेषाद्री आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या १०९२ ज्येष्ठांत दाखवला. होमोसिस्टीन लिटरला १४ मायक्रोमोलच्या वर असलेल्यांत अल्झायमरचा धोका जवळजवळ दुप्पट होता. कसोटीचा प्रश्न पुन्हा तोच: आकडा उतरवला तर? ऑक्सफर्डमध्ये सौम्य विस्मरण असलेल्या सत्तरीपुढच्या लोकांना दोन वर्षे फोलिक आम्ल, बी-१२ आणि बी-६ दिले. २०१० च्या निकालात मेंदूचे आक्रसणे दिखाऊ गोळीच्या गटात वर्षाला १.०८ टक्के आणि जीवनसत्त्वे घेतलेल्या गटात ०.७६ टक्के निघाले. ज्यांचे होमोसिस्टीन मुळात जास्त होते त्यांना लाभ अधिक झाला. मात्र २००८ मध्ये अमेरिकेत अल्झायमर जडलेल्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत आकडा उतरला आणि स्मृतीची घसरण थांबली नाही. दोन्ही निकाल खरे धरले तर अर्थ असा लागतो की बिकेल यांच्या छोट्या रुग्णाप्रमाणे इथेही खूण वेळेला बांधलेली आहे. आग लागल्यावर नळ दुरुस्त करून घर वाचत नाही.

म्हणून पुण्याच्या गटाचे लक्ष आयुष्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळले. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासातली मुले नऊ वर्षांची झाली तेव्हा त्यांची बुद्धिमापन चाचणी घेतली. गरोदरपणी ज्यांच्या आयांचे बी-१२ सर्वांत कमी होते ती मुले लक्ष टिकवण्याच्या आणि अंक उलटे म्हणून दाखवण्याच्या चाचणीत मागे पडली. त्याच अभ्यासातल्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला शरीर दाद न देण्याचे प्रमाण सर्वांत जास्त आढळले ते आईचे फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी असलेल्या गटात. गरोदरपणी लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या वाटणाऱ्या देशाला हा निष्कर्ष सोयीचा नव्हता. आणि म्हैसूरच्या तशाच अभ्यासात, २०१० मध्ये, मुलांच्या बुद्धिमापनाशी आईचे फोलेट जुळले, बी-१२ जुळले नाही. दोन शहरांची आहाररीत वेगळी, तुटवड्याची प्रमाणे वेगळी. निरीक्षणावर निरीक्षण रचून हा वाद मिटणारा नव्हता.

तो मिटवण्याचा रस्ता प्रयोगाचाच होता. मातृपोषण अभ्यासात जन्मलेल्या मुली तरुण झाल्यावर, आई होण्याच्या कितीतरी आधी, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून एका गटाला नुसते बी-१२, दुसऱ्याला बी-१२ आणि इतर सूक्ष्मपोषके, तिसऱ्याला निव्वळ दिखाऊ गोळी दिली. बी-१२ ची मात्रा होती दिवसाला २ मायक्रोग्रॅम, म्हणजे इंजेक्शनाच्या मात्रेपुढे नगण्य, पण रोजच्या जेवणातून मिळावी इतकीच. त्यांना झालेली मुले दोन वर्षांची झाल्यावर त्यांची वाढ तपासली. २०२१ च्या अहवालात नुसते बी-१२ घेतलेल्या आयांची मुले आकलन आणि भाषा यांत दिखाऊ गोळीच्या गटापेक्षा पुढे निघाली. इतर सूक्ष्मपोषकेही दिलेल्या गटात असा फरक दिसला नाही, आणि तो का दिसला नाही याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही.